डिश जुनी, रेडिओ नवा: रिसीव्हरमधल्या फर्मवेअरची गोष्ट

नांदुऱ्याहून बोलतोय. आजचा प्रश्न साधा आहे. एसडीआर म्हणजे सॉफ्टवेअरवर चालणारा रेडिओ, मग त्यात फर्मवेअर कुठून आलं?

असं बघा. साध्या रेडिओत स्टेशन निवडणं, आवाज वेगळा काढणं ही कामं कॉइल आणि कंडेन्सर करतात. एसडीआरमध्ये अँटेनाचा सिग्नल आकड्यांत बदलतो आणि पुढचं सगळं गणित करतं. पण आकडे इतक्या वेगानं येतात की मधे एक कारकून लागतो, जो ते गोळा करून, गठ्ठे बांधून कॉम्प्युटरकडे पाठवतो. तो कारकून म्हणजे फर्मवेअर.

याचं मोठं उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, 45 मीटर व्यासाच्या 30 डिश. त्या गेल्या शतकातल्या. नंतर सुधारणा झाली, तेव्हा डिश त्याच ठेवल्या. बदलले रिसीव्हर आणि त्यामागची डिजिटल यंत्रणा. पूर्वी एका वेळी 32 मेगाहर्ट्‌झ पट्टा मिळायचा, आता 400 पर्यंत मिळतो. त्यासाठी सेकंदाला 80 कोटी नमुने घ्यावे लागतात, तेही प्रत्येक डिशच्या दोन सिग्नलांचे. एफपीजीए नावाच्या चिपमध्ये भरलेली रचना ते नमुने पॅकेट करून पाठवते आणि जीपीयू लावलेले कॉम्प्युटर हिशोब करतात. एफपीजीएची रचना बदला, तीच पाटी वेगळं काम करते!

आता आपल्या टेबलावर येऊ. स्वस्त आरटीएल डोंगलमध्ये आपण बदलावं असं फर्मवेअर नसतं. शिकायचं तर हॅकआरएफ वन बरा, त्याचं सर्किट आणि कोड दोन्ही खुले आहेत. एआरएमसाठीचा जीसीसी कंपायलर घ्या. कोड उतरवताना सोबतचं लिबओपनसीएम3 हे उपभांडारही घ्या. ते राहिलं की बिल्ड अडतंच.

क्रम मात्र पाळा, बरं का. आधी तयार मिळणारं अधिकृत फर्मवेअर भरून बघा. मग तोच कोड, काहीही न बदलता, स्वतः बिल्ड करून भरा. तो चालला की एकच गोष्ट बदला. म्हणजे बिघडलं तर कशामुळे ते कळतं. कॉम्प्युटरवरची साधनं आणि फर्मवेअर एकाच आवृत्तीची ठेवा.

आणि बोर्ड मेलाच तर? घाबरू नका. डीएफयूचं बटण दाबून ठेवून केबल जोडा. चिपच्या आत कायमचा कोरलेला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. त्याच्याकडून चांगलं फर्मवेअर तात्पुरतं मेमरीत चढवा, आणि मग फ्लॅशमध्ये नीट लिहा. महागाचं यंत्र आपल्या तालुक्याच्या गावी दुरुस्त करून देणारा सापडत नाही, म्हणून ही युक्ती आधी शिका, प्रयोग नंतर.

एक मर्यादा सांगतो. हॅकआरएफचा कन्व्हर्टर 8 बिटचा, म्हणजे फक्त 256 पायऱ्या. जवळच्या जोरदार एफएमनं त्या भरून टाकल्या, की बारीक सिग्नल गेला. तिथं फर्मवेअर काही करू शकत नाही, अँटेनामागे फिल्टरच लावावा लागतो. आपल्याकडं रेल्वेची 25 हजार व्होल्टची तार गावातून जाते, शिवाय घराघरांत एलईडी दिवे. तेव्हा अँटेना लांब, मोकळ्या जागी न्या.

हो, हे यंत्र प्रक्षेपणही करू शकतं. परवाना नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. ऐकायलाच एवढं आहे की आयुष्य पुरणार नाही.

प्रयोग करा, काय बदललं ते वहीत लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात!