वयाचा हिशेब कुठून धरायचा?



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमालेची मुहूर्तमेढ रोवली, आणि उन्हाळ्याच्या संध्याकाळी जमून चार शहाणपणाच्या गोष्टी ऐकायची सवय पुढे गावोगाव रुजली. आज या व्याख्यानमालेतही समोर बहुतेक मंडळी साठीच्या पुढची दिसतात. ‘बालपण ते वार्धक्य’ हा विषय मी कळवला, तेव्हा आयोजकांपैकी एकजण हळूच म्हणाले, “डॉक्टर, बालपण लवकर आटपा, गुडघ्यांवर या.” गुडघ्यांवर मी येणारच आहे. पण त्यांची सुरुवात जिथे झाली, तिथून मला निघावं लागेल.

आपण आयुष्याचे कप्पे केले आहेत. बाळाला बालरोगतज्ज्ञ, गर्भवतीला स्त्रीरोगतज्ज्ञ, पन्नाशीला हृदयरोगतज्ज्ञ, सत्तरीला हाडांचे डॉक्टर. सरकारी योजनांचंही तसंच. अंगणवाडी एका खात्याकडे, दवाखाना दुसऱ्याकडे, ज्येष्ठ नागरिक तिसऱ्याकडे. शरीर मात्र एकच असतं, आणि ते मागचं काही विसरत नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे की प्रत्येक वयातल्या आरोग्याचा पाया आधीच्या वयात घातलेला असतो, आणि तरीही कोणत्याही वयात सगळं संपलेलं नसतं. ही दोन्ही वाक्यं एकदम खरी आहेत. त्यातलं एकच लक्षात ठेवलं, तर घोटाळा होतो.

इंग्लंडमध्ये, लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथे १९११पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्यसेविकेने एक शिस्त लावली. बाळ जन्मलं की सुईणीने त्याचं वजन नोंदवायचं, पुढे सेविकांनी घरी जाऊन त्याची वाढ पाहायची आणि ते वर्षाचं झालं की पुन्हा वजन करायचं. सगळं वहीत लिहायचं. या वह्या पुढे अनेक दशकं पडून होत्या. १९८०च्या दशकात साउदॅम्प्टनचे डॉक्टर डेव्हिड बार्कर यांच्या चमूला त्या मिळाल्या. त्यांनी १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढला. कोण हयात आहे, कोण गेला, कशाने गेला, ते तपासलं. १९८९मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला. जन्मताना आणि वर्षाचे असताना ज्यांचं वजन सर्वांत कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने मरण येण्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं.

यावर शंका यायलाच हवी, आणि ती आलीही. कमी वजनाचं मूल गरीब घरात जन्मतं, पुढेही गरीब राहतं, तंबाखू ओढतं, निकृष्ट खातं. मग दोष पोटातल्या उपासमारीचा की नंतरच्या दारिद्र्याचा?

या शंकेवर प्रकाश टाकणारी घटना युद्धाने घडवली. १९४४-४५च्या हिवाळ्यात जर्मन फौजांनी पश्चिम नेदरलँड्सची अन्नाची रसद तोडली. कालवे गोठले. माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली गेला. मे १९४५मध्ये देश मुक्त झाला आणि लोकांना पुन्हा पोटभर अन्न मिळू लागलं. ही उपासमार गरिबांपुरती नव्हती, आणि ती कधी सुरू झाली नि कधी संपली हेही नेमकं माहीत होतं. त्या काळात पोटात असलेली मुलं पन्नाशीला आल्यावर तपासली गेली. ज्यांच्या आया गरोदरपणाच्या मधल्या किंवा शेवटच्या महिन्यांत उपाशी होत्या, त्यांचं शरीर साखर नीट हाताळू शकत नव्हतं. ज्यांच्या आया पहिल्या तिमाहीत उपाशी होत्या, ती मुलं जन्मताना वजनाने जवळपास ठीक होती, पण पुढे त्यांच्यात हृदयविकार जास्त आढळला. म्हणजे तराजूवर बाळ बरं दिसलं, तेवढ्याने आतलं सगळं बरं असतंच असं नाही.

हे घडतं कसं? गर्भाला अन्न कमी पडलं की शरीर वाटणी करतं. मेंदूला आधी, बाकीच्यांना उरलंसुरलं. मूत्रपिंडातल्या गाळण्या गर्भाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात, त्यानंतर नवी गाळणी बनत नाही. स्नायूंच्या तंतूंची संख्याही बरीचशी जन्माआधी ठरते. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींचा साठाही सुरुवातीच्याच काळात उभा राहतो. काटकसरीत बांधलेलं हे शरीर साध्या खाण्यावर आणि कष्टांवर निभावून नेतं. त्याच्यावर पुढे बैठं काम आणि भरपूर साखर येऊन पडली, की ते अपुरं पडतं.

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. मधुमेहाची पुस्तकं पाश्चात्त्य रुग्णांवरून लिहिलेली होती. त्यांतला रुग्ण उतारवयाचा आणि लठ्ठ. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यापुढे येणारे रुग्ण मात्र वयाने लहान आणि अंगाने बारीक असत. मग १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांच्या चमूने काम सुरू केलं. लग्न झालेल्या बायकांचा गर्भधारणेच्या आधीपासून पाठपुरावा करायचा, गरोदरपणात त्या काय खातात, किती राबतात ते नोंदवायचं, मग बाळ मोजायचं. या बायकांचं वजन सरासरी सुमारे ४२ किलो होतं. पूर्ण दिवसांच्या बाळांचं सरासरी २.७ किलो. साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान असणार, असं आपण समजतो. मोजल्यावर वेगळंच दिसलं. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण त्वचेखालची चरबी जवळजवळ इंग्रज बाळांच्या तोडीची. दिसायला किडकिडीत, आतून चरबीचं. संशोधकांनी त्याला ‘बारीक-लठ्ठ बाळ’ म्हटलं.

ही मूर्ती मोठेपणी कशी दिसते, हे सांगणारा एक फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच छापला गेला. दोन डॉक्टर शेजारी-शेजारी उभे, लंडनचे जॉन युडकिन आणि आपले याज्ञिक. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. “मी काही जाडा नाही” असं म्हणत साखर न तपासणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हा फोटो आठवावा. आपल्याकडे वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरं बोलते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, बाईची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की तपासणी करून घ्यायची.

पुण्याच्या अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एक, ज्या आयांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या आणि फळं जास्त वेळा होती, त्यांची बाळं मोठी होती. दुसरी, ज्या आया शेतात आणि घरात जास्त राबत होत्या, त्यांची बाळं लहान होती. ही दुसरी गोष्ट मी मुद्दाम सांगतो आहे. कारण ‘सगळं गर्भात ठरतं’ असं ऐकलं, की लगेच बोट आईकडे जातं. तिने नीट खाल्लं नाही, तिने काळजी घेतली नाही. अहो, तिच्या डोक्यावर हंडा कोणी ठेवला? सर्वांत शेवटी जेवायला तिला कोणी बसवलं? बाळाच्या वजनात सगळ्या घराचं वागणं आलेलं असतं.

याच खेड्यांतून बी-१२ जीवनसत्त्वाची गोष्ट पुढे आली. हे जीवनसत्त्व फक्त जिवाणू तयार करतात. वनस्पतीत ते नसतं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून ते आपल्याला मिळतं. खेड्यांतल्या सुमारे दोनतृतीयांश गर्भवतींमध्ये ते कमी निघालं. दूध बहुधा डेअरीत जायचं आणि घरात चहापुरतं उरायचं. ज्या आयांमध्ये बी-१२ कमी पण फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्शुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक आढळली. ती मुलं मोठी झाली, तेव्हा संशोधकांनी त्यांना पौगंडावस्थेतच बी-१२ द्यायला सुरुवात केली. त्यांच्या पोटी येणाऱ्या बाळांमध्ये काय फरक पडतो, हे पाहण्यासाठी. एका माणसाच्या आरोग्याचा हिशेब त्याच्या आईच्या बालपणापासून धरायचा, हा विचार त्यामागे आहे.

म्हणून दहा ते वीस वर्षांच्या मुलीकडे आपलं लक्ष हवं. गर्भधारणेपासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या हजार दिवसांबद्दल आता बरंच बोललं जातं, आणि ते योग्यच आहे. पण आईला दिवस गेल्याचं कळेपर्यंत त्या हजारांतले कित्येक दिवस संपलेले असतात. तयारी आधी हवी. या वयात उंची झपाट्याने वाढते, हाडांचा बराचसा साठा विशीपर्यंत जमा होतो, पाळी सुरू झाल्याने लोह कमी होऊ लागतं. आणि याच मुलीसाठी आपल्या कप्प्यांत कप्पा नाही. ती अंगणवाडीला मोठी आणि बाळंतपणाच्या दवाखान्याला लहान. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे ५४ टक्के रक्तक्षयी निघाल्या. विशीतून पंचविशीत जाणाऱ्या बायकांपैकी जवळपास २२ टक्क्यांची लग्नं अठराच्या आत झालेली होती. पाच वर्षांखालची सुमारे ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी होती. हे तीन आकडे तीन वेगवेगळ्या तक्त्यांत छापले जातात. खरं तर ते एकाच मुलीच्या आयुष्यातले तीन मुक्काम आहेत.

मधल्या वयावर मी फार बोलत नाही. त्या वयाच्या लोकांना ऐकायला वेळ नसतो, त्यामुळे ते इथे आलेलेही नाहीत. घरी गेल्यावर त्यांना एवढंच सांगा : तिशीनंतर व्यायाम नसेल तर स्नायू दर दशकात काही टक्क्यांनी घटतात. वजन तेवढंच राहतं, कारण जागा चरबी घेते. रक्तदाब आणि साखर दुखत नाहीत, म्हणून मोजावी लागतात.

आता आपण, म्हणजे गुडघे. कोणी म्हणेल, डॉक्टर, आमचं पोटातलं, पाळण्यातलं सगळं होऊन गेलं, आता ऐकून काय करायचं? १९९०मध्ये बोस्टनच्या एका वृद्धसेवा संस्थेत डॉ. मारिया फियातारोन यांनी नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बल वृद्धांना मांड्यांच्या स्नायूंसाठी वजनं उचलण्याचा व्यायाम दिला, देखरेखीखाली. आठ आठवडे. मांड्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. अभ्यास छोटा होता, पण ‘या वयात स्नायू वाढत नाहीत’ ही समजूत त्याने मोडली, आणि नंतरच्या कामाने तेच दाखवलं. चालणं उत्तम आहे, पण स्नायूंसाठी ते पुरत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. आधार जवळ ठेवून, डॉक्टरांना विचारून. गुडघा सांभाळतात ते मांडीचे स्नायू.

आणि बी-१२ इथे पुन्हा भेटतं. वाढत्या वयात जठराला ते अन्नातून सुटं करणं जड जातं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये ते आणखी कमी होतं. पायांना मुंग्या, तोल जाणं, विसरभोळेपणा, आणि आपण म्हणतो, “वय झालं.” वय झालंच आहे, पण रक्ततपासणी तरी करा. तसंच कानाचं. स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची यादी ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४मध्ये केली, त्यात चौदा घटक आहेत आणि बहिरेपण त्यांतलं एक. आपल्याकडे चष्म्याची लाज वाटत नाही, श्रवणयंत्राची वाटते. ती सोडा.

शेवटी एक विनंती. आपल्या पिढीकडे वेळ आहे, थोडा पैसा आहे आणि घरात शब्दाला वजन आहे. स्वतःची साखर मोजताना नातीचं हिमोग्लोबिनही तपासून घ्या. ती नको म्हणाली, तरी तिच्या ताटात अंडं किंवा वाटीभर दही जाईल असं पाहा. सुनेला दिवस गेले असतील, तर ती सगळ्यांबरोबर जेवायला बसते का ते बघा. आणि तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाई गरोदर असतील, तर त्यांना भरपगारी रजा द्या. ती तुमच्या शब्दावर आजच मिळू शकते. त्यांच्या बाळाची सत्तरी पाहायला आपण कोणी नसू, पण ती कशी जाईल, यात आपला वाटा असेल.