माइक हाती, बाळ कोणाच्या हाती?



नव्या आईबापांनी पॉडकास्ट चालवायचा तर सामान काय घ्यावं, असं मला विचारलंत. अमरावतीत मी आणि नवरा मिळून तो चालवतो. बाळंतपणाला मी अकोल्याला माहेरी गेले. परत आले तरी कार्यक्रमात आवाज फक्त त्याचाच! माझ्या हाती बाळ, त्याच्या हाती माइक.

सामान थोडंच लागतं. फोन, वायरचा कॉलर माइक, हेडफोन. उघड्या भिंतींमुळे आवाज घुमतो. आपल्या वऱ्हाडच्या कापसाची गादी भिंतीशी उभी करा, दारावर गोधडी टांगा. उन्हाळ्यात कूलरची घरघर माइकमध्ये शिरते, म्हणून पहाटे बसा. बाळ रडलं तर रेकॉर्डिंग चालूच ठेवा, फक्त माइकजवळ टाळी वाजवा. नंतर पडद्यावर तिथे उंच रेघ दिसते, तेवढा भाग कापता येतो.

पण वेळ कुठून आणायचा? २०१७च्या कायदादुरुस्तीने कारखाने-कचेऱ्यांतल्या बाईची पगारी प्रसूती रजा दोन मुलांपर्यंत १२ वरून २६ आठवड्यांवर गेली. घरी बसून काम करणारीला रजा देणार कोण?

आम्ही भिंतीवर कागद लावला. सोमवार, गुरुवार पहाटे बाळ बापाकडे, माइक माझ्याकडे. दूध काढून फ्रिजमध्ये ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "माणसायले नाही जमत बाई हे." पहिल्या दिवशी बाळ रडलं, बापही रडकुंडीला आला. दुसऱ्या आठवड्यात जमलं.

तेव्हा बायांनो, माइक घेण्याआधी तो कागद लावा. त्याला पैसे पडत नाहीत, भांडण मात्र करावं लागतं.