दिवसाच्या विजेचा हिशेब

सौर ऊर्जेवरील परिषद धुळ्यात भरावी, हे उचितच आहे. याच जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात २०१३ साली महानिर्मिती या सरकारी वीज कंपनीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला, तेव्हा सौर वीज म्हणजे श्रीमंत देशांचे खूळ असे मानणारे पुष्कळ होते. आज प्रश्न उलट दिशेने येतो. सौर वीज इतकी स्वस्त झाली आहे, तर सरकारने तिच्यावर पैसा का खर्च करावा?

प्रश्न रास्त आहे, म्हणून तो मुळापासून पाहू. २०१०-११ साठी केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेला ठरवलेला दर होता युनिटला १७ रुपये ९१ पैसे. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भाडला येथील लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. ही घसरण आपोआप झाली नाही. जर्मनीने २००० साली कायदा करून वीस वर्षांच्या खरेदीदराची हमी दिली, त्यातून आलेल्या मागणीवर पुढे चीनमधले कारखाने वाढले आणि पॅनेल स्वस्त झाले. आपल्याकडे जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. त्याच्या पहिल्या टप्प्यात महाग सौर वीज स्वस्त औष्णिक विजेत मिसळून राज्यांना दिली गेली आणि पंचवीस वर्षांचे करार झाले. खात्रीचा ग्राहक दिसला, तेव्हाच बँकांनी कर्जासाठी हात सैल सोडला. नव्या तंत्राची सुरुवातीची जोखीम सरकारने उचलली आणि दर उतरू लागताच हात आखडता घेतला. सार्वजनिक पैशाचा इतका फलदायी वापर आपल्या देशात फार थोड्या क्षेत्रांत झाला आहे.

आता महाराष्ट्राचा हिशेब मांडतो, कारण माझे सारे म्हणणे त्यावर उभे आहे. शेतपंपाची वीज आपण दशकानुदशके सवलतीत देत आलो. त्या सवलतीचा भार काही राज्याच्या तिजोरीवर, तर काही उद्योगांच्या आणि दुकानांच्या बिलांवर पडतो. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिलही शासन भरते. हा खर्च दरवर्षी नव्याने करावा लागतो आणि त्यातून काही उभे राहत नाही. इतके करूनही शेतकऱ्याला रात्रीच्या पाळीत, साप-बिबट्याच्या भीतीत पाणी भरावे लागते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत शेतीची वीजवाहिनी वेगळी करून उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारतात. तिथली वीज पंचवीस वर्षांसाठी युनिटला तीन रुपयांच्या आसपास मिळते, लांबच्या तारांमधली गळती वाचते आणि पाणी दिवसा भरता येते. इथे खर्चलेला रुपया पुढच्या पंचवीस वर्षांचे अनुदान कमी करतो. म्हणून या साहाय्याला सौर उद्योगाची खैरात म्हणणे मला मान्य नाही.

मग खासगी गुंतवणूकदारावरच सारे का सोपवू नये? कारण पॅनेल स्वस्त झाले तरी वाहिनी वेगळी करणे, उपकेंद्राची क्षमता वाढवणे आणि गुंतवणूकदाराला वेळेवर पैसे मिळण्याची हमी देणे, ही कामे बाजार स्वतःहून करत नाही. दुसरा आक्षेप पाण्याचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. दिवसभर फुकट वीज मिळाली तर विहिरी आणि बोअर आटतील, ही भीती खरी आहे. वाहिनीवरच्या पुरवठ्याला तासांची मर्यादा घालता येते, शेतातल्या स्वतंत्र सौर पंपाला ती नसते. म्हणून भूजल खोल गेलेल्या भागात अशा पंपाचे अनुदान ठिबक सिंचनाशी बांधलेच पाहिजे. सूर्य मावळल्यावर काय, हे विचारणाऱ्यांना उत्तर साठवणीतून द्यावे लागेल. घाटघरच्या जलविद्युत प्रकल्पात पाणी वर चढवून संध्याकाळी वीज काढण्याची सोय आहे, पण ती २५० मेगावॅटचीच. सरकारी साहाय्य पॅनेलकडून साठवणीकडे वळायला हवे, ते यासाठी.

जमिनीचा प्रश्न मात्र धुळ्यात उभे राहून कुणालाही टाळता येणार नाही. दोंडाईचाजवळ वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून विखरणच्या एका वृद्ध शेतकऱ्याने जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले आणि त्यात त्यांचा अंत झाला. जमीन औष्णिक प्रकल्पासाठी घेतली की सौर प्रकल्पासाठी, याने त्या अन्यायात तसूभर फरक पडत नाही. सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमीन विकत न घेता भाड्याने घेतात, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. मालकी शेतकऱ्याकडे राहते, हे मला या योजनेचे सर्वांत मोलाचे कलम वाटते. गायरानाच्या बाबतीत मात्र माझे समाधान झालेले नाही. सरकारी जमीन नाममात्र भाड्याने दिली जाते आणि ग्रामपंचायतीला तीन वर्षे पाच-पाच लाख मिळतात, पण ज्या मेंढपाळाची चराई गेली त्याच्या हाती काही पडत नाही. कोणते गायरान द्यायचे आणि कोणते राखायचे, हे ग्रामसभेने आधी ठरवावे आणि चराईच्या बदल्याची तरतूद करारातच असावी. या मागणीवर परिषदेने ठराव करून तो शासनाकडे पाठवावा, अशी स्वागत समितीची विनंती आहे.