साथीची खबर कोण देणार?



या व्यासपीठावरून मोठमोठ्या विद्वानांना ऐकण्याची आपल्याला सवय आहे. मी विद्वान नाही. नववीत शाळा सुटली. पुढचे शिक्षण वालीवच्या गाळ्यांतून आणि युनियनच्या कचेरीत झाले. त्यातून आजचा विषय डुकरांच्या साथीचा. चालकांपैकी एकाने हसून विचारले, "कामगार सोडून डुकरांकडे कुठे वळलात?" मी कामगारांना सोडलेले नाही, हे शेवटपर्यंत आपल्या ध्यानात येईल.

वसईत डुक्कर हा परका प्राणी नव्हे. ख्रिस्ती बांधवांच्या वाड्यांतून नाताळ-लग्नासाठी डुकरे पाळण्याची रीत जुनी आहे. दुसरीकडे नाल्याकाठच्या वस्त्यांतून गरीब कुटुंबे डुकरे पाळतात. त्यांना शेत लागत नाही, चारा विकत घ्यावा लागत नाही; हॉटेलांचे नि मंगल कार्यालयांचे खरकटे आणले की भागते. एक डुक्कर विकले की मुलाची फी निघते, किंवा पावसाळ्याआधी छपरावर पत्रे चढतात. गरिबाची बँक ती हीच.

ही बँक एका आठवड्यात बुडवणारा रोग म्हणजे आफ्रिकन स्वाइन फिव्हर. जनावराला सडकून ताप येतो, खाणे सुटते, कान व पोट लालजांभळे पडते, शेणातून रक्त जाते आणि बहुतेक जनावरे आठ-दहा दिवसांत मरतात. यावर औषध नाही. व्हिएतनामने २०२३ साली एक लस वापरास खुली केली, पण आपल्याकडे पाळणाऱ्याच्या हाती ती आलेली नाही. नेहमीच्या वराह ज्वराची लस आपल्याकडे आहे. पण तो रोग वेगळा, विषाणू वेगळा. ती टोचली म्हणून या रोगापासून बचाव होत नाही. आणि एक गोष्ट ठासून सांगतो: हा रोग माणसाला होत नाही. २००९ साली पुण्यात जो स्वाइन फ्लू आला तो माणसाकडून माणसाला होणारा ताप होता. त्याचा याच्याशी संबंध नाही.

या रोगाची पहिली नोंद १९२१ सालची, केनयातली. १९५७ साली तो पोर्तुगालात लिस्बनला पोचला. कसा? आफ्रिकेहून आलेल्या विमानातले उरलेले अन्न विमानतळाजवळच्या डुकरांना घातले गेले, म्हणून! २०१८ साली तो चीनमध्ये शिरला, आणि २०२० च्या आरंभी आसाम-अरुणाचलात डुकरे मरू लागली. भोपाळच्या प्रयोगशाळेने निदान पक्के केले. २०२१ साली एकट्या मिझोराममध्ये तेहतीस हजारांवर डुकरे गेली. २०२२ च्या जुलैत तो केरळात वायनाडला निघाला. आसाम ते वायनाड हे अंतर डुक्कर काही चालत गेले नाही. रोग प्रवास करतो तो माणसाच्या टेंपोतून, बुटाच्या तळव्यातून, आणि खरकट्यातल्या मांसाच्या तुकड्यातून. थंड केलेल्या मांसात हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो.

तेव्हा उपाय साधे आहेत. खरकटे तासभर खळखळून उकळल्याशिवाय घालू नये. मांसाचे खरकटे तर मुळीच घालू नये. बाहेरून आणलेले जनावर महिनाभर वेगळे बांधावे. मेलेले जनावर नाल्यात टाकू नये. चुना घालून खोल पुरावे. आणि दोन जनावरे लागोपाठ मेली की त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात खबर द्यावी.

बाकीचे उपाय पाळणारा करील. पण ही शेवटची खबर कोण देणार? आजच्या व्याख्यानाचा प्रश्न हाच आहे.

खबर दिली तर काय होते ते पाहा. नमुना भोपाळला जातो. रोग ठरला की त्या जागेभोवतालच्या एक किलोमीटर टापूतली सगळी डुकरे, धडधाकट असली तरी, मारतात. दहा किलोमीटरपर्यंत पाहणी चालते, ने-आण व विक्री अडते. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे. भरपाईही आहे: वायनाडच्या वेळी वजनाप्रमाणे २,२०० ते १५,००० रुपये असा दर होता. पण ती सरकारने मारलेल्या जनावराची. रोगाने आधीच मेलेल्याची नाही. ज्याच्याकडे रोग पहिल्यांदा आला, त्याची निम्मी जनावरे खबर देईपर्यंत मेलेली असतात. त्याच्या हाती सर्वांत कमी पडते. शेजाऱ्यांची जनावरे त्याच्या खबरीमुळे जातात, म्हणून त्यांच्या शिव्या त्यालाच. अशा वेळी माणूस काय करील? रातोरात उरलेली डुकरे मिळेल त्या भावाने विकील. आणि टेंपोबरोबर रोग पुढच्या गावी जाईल.

आपल्या मुलखाने हे एकदा पाहिले आहे. १८९६ साली मुंबईत मांडवीला डॉक्टर व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ साली साथीचा कायदा झाला आणि पुण्यात रँडसाहेबाच्या अमलाखाली गोरे सोल्जर घरांत घुसून रोगी शोधू लागले. लोकांनी काय केले? रोगी लपवले. जुलूम वाढला तशी लपवालपवी वाढली. त्यातून पुढे रँडचा खून झाला, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. पण त्यातला साथीचा धडा आपण घेतला नाही.

माझ्या धंद्यातला एक अनुभव सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. प्रेसवरच्या एका पोराचे बोट कापले. त्याने फडके गुंडाळले आणि पाळी संपेपर्यंत काम केले. कारण अपघात कळवणाऱ्या ठेकेदारी कामगाराला दुसऱ्या दिवशी बोलावत नसत. जखम चिघळली आणि बोट गेले. पुढे आम्ही एकच मागणी लावून धरली: अपघात कळवला म्हणून कुणाचा रोज बुडता कामा नये. ती मान्य झाली, आणि त्या वर्षी वहीत अपघातांची संख्या वाढली. मॅनेजर म्हणाले, "पाहा, तुमच्यामुळे अपघात वाढले." अपघात वाढले नव्हते, साहेब. ते वहीत येऊ लागले होते.

डुकराच्या साथीचेही तेच आहे. २००९ सालच्या कायद्याने जनावराच्या मालकावर खबर देण्याचे बंधन घातले आहे. पण पोट भरलेल्या माणसालाच बंधन परवडते. खबर देणाऱ्याला मेलेल्या जनावरांचीही काही भरपाई मिळाली पाहिजे, ती महिन्याच्या आत मिळाली पाहिजे, आणि पाळणाऱ्यांची नोंद साथ येण्याआधी झाली पाहिजे. नाहीतर त्या दिवशी कागद मागतील आणि कागद नसेल. ही दया नव्हे, हा बंदोबस्ताचाच भाग आहे. जनावरे मारायला व पुरायला जे ठेकेदारी कामगार नेतील त्यांनाही बूट, हातमोजे आणि पूर्ण रोज मिळाला पाहिजे.

हे दूरचे म्हणून सोडू नका. २०२२ च्या फेब्रुवारीत शहापूरच्या वेहळोलीत आणि पाठोपाठ आपल्या वसई-विरार भागात कोंबड्यांचा बर्ड फ्लू निघालाच होता. मुंबईचा विमानतळ आपल्यापासून किती लांब आहे, आणि हॉटेलांचे खरकटे रोज पहाटे कुठे जाते, हे आपण जाणता.

नाल्याकाठच्या वस्तीत मी हा विषय काढला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "बाबा, सांगू आम्ही. पण सांगितल्यावर तू परत येशील का?" तिला मी होय म्हटले आहे. आपणही म्हणावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.