हिममातेच्या सणाचें एक रेखाचित्र



महोत्सवानिमित्त सभागृहांत मांडलेल्या चित्रांत तुंगारेश्वराच्या डोंगराचें एक साधें पेन्सिलीचें चित्र आहे. आपल्याच एका शाळकरी मुलानें तें काढलें. “ह्यांत ना क्रूस, ना संत; मग तें येथें कशाला?” असें कांहीं वडीलधाऱ्यांनीं मला विचारलें. चित्र उतरवावें असें क्षणभर माझ्याहि मनांत आलें होतें, हें कबूल करतों.

मग मला एका जुन्या कागदाची आठवण झाली. इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं उफिझी संग्रहालयांत तो जपून ठेविला आहे. उंची सुमारें १९ सेंटिमीटर, रुंदी २८. लिओनार्दो दा विंची ह्यानें एकविसाव्या वर्षीं त्यावर लेखणीनें व शाईनें एक दरी रेखाटली. डावीकडे टेकडीवर तटबंदीचें गांव, उजवीकडे कडा व धबधबा, मधून दूरवर पसरलेलें मैदान. झाडांचीं पानें त्यानें काढलींच नाहींत; भराभर तिरप्या रेघा ओढल्या, आणि तेवढ्यानें रानांत वारा सुटल्याचा भास होतो! आकाश म्हणजे कोरा कागदच. त्या काळीं डोंगर बहुधा पवित्र मरियेच्या किंवा संतांच्या पाठीमागें काढीत. येथें पुढें कोणीच नाहीं.

परंतु डाव्या कोपऱ्यांत, त्याच्या संवयीप्रमाणें उजवीकडून डावीकडे, त्यानें दिवस लिहिला आहे: हिमाच्या पवित्र मरियेचा सण, ५ ऑगस्ट १४७३. रोममध्यें भर उन्हाळ्यांत हिम पडून मातेनें आपल्या मंदिराची जागा दाखविली, अशी आख्यायिका ह्या सणामागें आहे. ह्यावरून त्याची भक्ति सिद्ध होते असें मी म्हणत नाहीं. सणांवरून दिवस सांगण्याची तेव्हां रीतच होती. तरी मला तो कोपरा फार आवडतो.

आतां आपलें चित्र पाहा. आपल्या आजोबांना शेतांतून जो डोंगर सबंध दिसे, त्याचा पायथा आज इमारतींआड गेला आहे. मुलानें इमारती गाळल्या नाहींत. त्यांच्यावर उरलेली डोंगराची धार तेवढी एका रेघेनें काढली. ती रेघ किंचित् कांपली आहे. ती खोडून नीट करूं नको, असें मीं त्याला बजाविलें.

चित्र जेथें आहे तेथेंच राहील. फक्त कोपऱ्यांत दिवस लिही, असें मीं त्याला सांगितलें. “फादर, त्या दिवशीं कोणता सण होता?” त्यानें विचारलें. आम्हीं दिनदर्शिका उघडली. सण नव्हता, साधा सोमवार होता. त्यानें तेंच लिहिलें आहे.