श्वास देवाचा, हात माणसाचा

माझा एक ख्रिस्ती मित्र गेला. आम्ही दोघांनी एकाच शाळेत मराठी शिकवलं. घरी प्रार्थना होती, त्या संध्याकाळी वहिनींनी त्याचं बायबल माझ्या हाती दिलं. म्हणाल्या, ‘‘भाऊजी, तेविसावं स्तोत्र तुम्ही वाचा. त्यांना तुमचा आवाज आवडायचा.’’ मी घुटमळलो. कवितावाचन वेगळं, हा त्यांचा धर्मग्रंथ. मी मुसलमान. कोणत्या अधिकारानं वाचायचा?

लहानपणी अब्बांनी शिकवलं होतं, तौरात, जबूर, इंजील हे ग्रंथही अल्लाहनंच दिले. मोठेपणी ऐकलं, पुढं माणसांनी त्यांत फेरफार केले. या दोन वाक्यांमधली अडचण मी कधी सोडवलीच नव्हती.

कुराणाबद्दल आमची श्रद्धा अशी, की शब्दन् शब्द अल्लाहचा. पैगंबरांनी तो फक्त पोहोचवला. बायबललाही मी हेच माप लावत असे. शुभवर्तमानं चार, मग देवाचं कोणतं? मित्र हसायचा. ‘‘अरे, लूक तर सुरुवातीलाच सांगतो, की नीट शोध घेऊन क्रमवार लिहितोय.’’ त्यांच्या श्रद्धेत प्रेरणा देवाची. भाषा आणि स्वभाव लेखकाचा. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातल्या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘देवानं श्वास फुंकलेलं’ असा आहे. अक्षरन् अक्षर निर्दोष मानणारे ख्रिस्तीही आहेत. कॅथलिकांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये देवाच्या बरोबरीनं माणसांनाही या ग्रंथाचे खरे लेखक म्हटलं.

म्हणूनच भाषांतरातही त्यांना देवाचं वचन भेटतं. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत त्यांनी अख्खं बायबल आणलं. १९२२ मध्ये डोळे मिटण्यापूर्वी काम पुरं केलं. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनीच छपाईचे खिळे जुळवले. मी नमाज अरबीत पढतो, पण रडू मला मराठीत येतं. रमाबाईंची धडपड मला कळते.

त्या संध्याकाळी पान उघडलं. वर दाविदाचं नाव. हजरत दाऊद तर आमचेही पैगंबर! मी वाचू लागलो. काळोख्या दरीच्या ओळीपाशी माझा आवाज अडला, तेव्हा वहिनींनी ती ओळ न बघता पुरी केली.

माझी श्रद्धा जिथं होती तिथंच आहे. ग्रंथाचा निवाडा करण्याचा अधिकार माझा नाही. पण ज्या शब्दांना धरून वहिनी त्या रात्री उभ्या राहिल्या, त्यांना ‘फेरफार’ म्हणायला आता माझी जीभ उचलत नाही.