जमावाचा अपराध आणि अपिलाची कसोटी

(पोशेरा, ता. मोखाडा येथे कार्यकर्ते व त्यांच्या कुटुंबीयांच्या एकत्रीकरणात एका वकील कार्यकर्त्याने केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



दि. १६ एप्रिल २०२०च्या रात्री आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जुना आखाड्याचे दोन साधू, कल्पवृक्ष गिरी महाराज आणि सुशील गिरी महाराज, तसेच त्यांच्या गाडीचा तरुण चालक, अशा तिघांची जमावाने हत्या केली. टाळेबंदीचे दिवस होते. गुरुस्थानी असलेल्या महंतांच्या अंत्यविधीसाठी ते कांदिवलीहून सुरतेकडे निघाले होते. वन विभागाच्या चौकीपाशी त्यांना अडविण्यात आले. पोलीस आले, आणि पोलिसांच्या देखत ते मारले गेले. वयोवृद्ध साधू पोलिसाचा हात धरून बाहेर येत आहेत, ही चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली आहे. तिचे वर्णन मी पुन्हा करणार नाही.

मला आज बोलायचे आहे ते त्या रात्रीच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींविषयी. आधी भ्रमणध्वनीवरून संदेश फिरले; नंतर न्यायालयाची लांब वाट सुरू झाली. या दोहोंच्या मधोमध आपण सगळे उभे आहोत. कारण मारले गेलेले साधू आपले होते आणि आरोपी म्हणून पकडलेले बहुसंख्य लोक याच डोंगराळ भागातील आपले वनवासी बांधव आहेत. हे दुःख दुहेरी आहे, आणि त्यातले एक सोयीस्करपणे विसरून दुसऱ्याविषयी बोलणे आपल्याला शोभणारे नाही.

मुले पळविणारी टोळी आली आहे, रात्री वेषांतर करून चोर फिरतात, शरीराचे अवयव काढून नेतात, असे संदेश त्या दिवसांत या पट्ट्यात फिरत होते. गावे रात्री पहारा देत होती. दोनच दिवस आधी, त्याच परिसरात, मदतकार्य करून परतणाऱ्या एका डॉक्टरांच्या गाडीवर हल्ला झाला होता. म्हणजे इशारा मिळालेला होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. २०१८ साली देशभर अशाच अफवांमुळे माणसे मारली गेल्यावर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. ७ एप्रिल २०२० रोजी, फार वेळा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येईल, असे बंधन आले. त्यानंतर नवव्या दिवशी गडचिंचले घडले. यंत्रावरचे बंधन पाड्यावरच्या भयाला पुरे पडले नाही. जी बातमी एकदा तोंडोतोंडी झाली तिला यंत्र कसे अडविणार?

घटनेनंतर दुसरी अफवा सुटली. चित्रफितीत कोणीतरी एका मुसलमान तरुणाचे नाव घेऊन 'मार' असे ओरडतो आहे, असा संदेश लाखो लोकांनी पुढे पाठविला. नीट ऐकता तो आवाज 'ओए बस' असा होता. म्हणजे कोणीतरी थांबा म्हणत होते! थांबविणाऱ्याचा आवाज आपल्या समाजमाध्यमांनी मारणाऱ्याचा केला. तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटक झालेल्या १०१ जणांची यादीच प्रसिद्ध केली; तिच्यात एकही मुसलमान नव्हता. या हत्येमागे कोणाची चिथावणी होती का, या भागात वर्षानुवर्षे साधू-संतांविषयी द्वेष पेरणाऱ्यांचा त्यात काही हात होता का, हे प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे आणि ते तपास यंत्रणेपुढे विचारलेच पाहिजेत. परंतु न्यायालयात संशयाला पुराव्याची जागा मिळत नाही, आणि खोट्या संदेशामुळे खऱ्या प्रश्नाची किंमत कमी होते.

आता कायद्याकडे येऊ. अशा खटल्यात दोनशेहून अधिक माणसे पकडली जातात. जुन्या भारतीय दंडसंहितेचे कलम १४९ सांगते की, पाच वा अधिक लोकांचा बेकायदेशीर जमाव समान उद्देशाने जमला आणि त्या उद्देशाच्या पूर्तीसाठी गुन्हा घडला, तर जमावातील प्रत्येक जण त्या गुन्ह्याचा दोषी ठरतो. काठी कोणाची लागली हे सिद्ध करण्याची गरज नाही. हे ऐकायला सोपे आहे. प्रत्यक्षात मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९६४च्या मसाल्टी खटल्यात सांगून ठेवले आहे की, मोठ्या जमावात नुसता बघ्याही सापडू शकतो. म्हणून एका आरोपीला दोन-तीन वा अधिक साक्षीदारांनी सुसंगतपणे ओळखले आहे का, हे पाहणे हितावह असते.

आपल्या मोखाड्याचा बोहाडा सर्वांना ठाऊक आहे. देवांचे, दैत्यांचे मुखवटे चढवून सोंगे नाचतात. पण मुखवट्याआड कोण आहे हे साऱ्या गावाला माहीत असते. कोणत्या घराकडे कोणत्या सोंगाचा मान आहे, हेसुद्धा. गडचिंचल्याच्या रात्री चेहऱ्यांवर मुखवटे नव्हते. तरीही न्यायालयात उभे राहून 'हा होता आणि याने हे केले' असे सांगणारा माणूस मिळणे हेच या खटल्यातले सर्वांत कठीण काम आहे. भाऊबंद, सोयरे, एकाच पाड्याचे लोक. कोण कोणाविरुद्ध बोलणार?

म्हणून चित्रफितींवर भिस्त येते, आणि तिथे दुसरी अडचण. विद्युत स्वरूपातील पुरावा न्यायालयात वाचला जावा यासाठी तत्कालीन पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालील प्रमाणपत्र लागते. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केले तर गोष्ट वेगळी. नक्कल असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२०मध्ये दिला. तो निर्णय आपल्या जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात झाला. निवडणुकीचे भांडण, पण त्याची कसोटी आज प्रत्येक खुनाच्या खटल्याला लागते. ज्या चित्रफितीने देश हादरला ती कोणाच्या भ्रमणध्वनीवर काढली गेली, तो संच पंचनाम्यात आला का, प्रमाणपत्रावर सही कोणाची, हे वृत्तवाहिन्या विचारीत नाहीत. अपिलाचे न्यायाधीश पहिल्यांदा तेच विचारतात.

एप्रिल २०२२मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे गडचिंचल्याच्या अठरा आरोपींचे जामीन अर्ज आले. दहा जणांना जामीन मिळाला, आठ जणांना नाकारला गेला. त्या वेळी आपल्याकडील काहींनी संताप व्यक्त केला, तो मी समजू शकतो. पण ज्यांचा मारहाणीतील सहभाग प्रथमदर्शनी दिसत होता ते एका बाजूला, आणि ज्यांची नुसती उपस्थिती दिसत होती ते दुसऱ्या बाजूला, अशी ती विभागणी होती. हीच चाळणी पुढे अपिलातही लागते. कर्तव्यात कसूर करणाऱ्या पोलिसांवरही कारवाई झाली. एका अधिकाऱ्याला बडतर्फ केले, दोघांना सक्तीने निवृत्त केले, इतर अनेकांचे वेतन कापले. पुढे राज्य शासनाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे देण्याची तयारी दाखविली आणि एप्रिल २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते नोंदवून त्याच्यापुढील याचिका निकालात काढल्या.

असे खटले सिद्धच होत नाहीत, असे मात्र समजू नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळविणारे समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारले गेले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडचे. पिढ्यान्‌पिढ्या नाथांचे नाव घेत दारोदार फिरणारे लोक. तेथेही आधी समाजमाध्यमांवरची अफवाच. त्या खटल्यात फेब्रुवारी २०२४मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप सुनावली. साडेपाच वर्षे लागली, पण शिक्षा झाली. यमगरवाडीला भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी आपले कार्यकर्ते वर्षानुवर्षे राबत आहेत; त्यांना विचारा, पाल घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांना या अफवांचे भय किती खोल आहे.

आपल्याला अडचणीचा वाटेल असाही एक दाखला देतो, कारण तो टाळला तर या बोलण्याला अर्थ उरणार नाही. जून २०१४मध्ये फेसबुकवर छत्रपती शिवाजी महाराज आणि बाळासाहेब ठाकरे यांची विटंबना करणारी चित्रे टाकली गेली. विटंबना संतापजनक होती. त्या संतापात पुण्यात हडपसरला नमाज पढून घरी निघालेला एक तरुण संगणक अभियंता मारला गेला. त्या चित्रांशी त्याचा सुतराम संबंध नव्हता. मृत वेगळ्या धर्माचा होता, ही गोष्ट आरोपींच्या बाजूने धरून २०१७मध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये तो आदेश रद्द केला. जानेवारी २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने सर्व आरोपींना पुराव्याअभावी निर्दोष सोडले. मेला तो एक निरपराध, आणि महाराजांच्या नावाची शोभा त्यातून तिळमात्र वाढली नाही.

२१ जून २०२२ रोजी अमरावतीत उमेश कोल्हे या औषध विक्रेत्याची गळा चिरून हत्या झाली. नूपुर शर्मा यांना पाठिंबा देणारे संदेश त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविले होते. तो क्षणिक उद्रेक नव्हता. राष्ट्रीय तपास संस्थेने कट रचून केलेले कृत्य म्हणूनच आरोपपत्र दाखल केले आहे. तेथे कायद्याची वाट वेगळी आहे. या संस्थेच्या खटल्यात विशेष न्यायालयाने जामीन नाकारला तर त्याविरुद्ध साधा अर्ज नव्हे, अपीलच करावे लागते, आणि ते उच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांपुढे चालते.

अपील म्हणजे नव्याने खटला, असा गावोगावी समज आहे. तसे नसते. उच्च न्यायालयात सहसा साक्षीदार पुन्हा बोलावीत नाहीत. खालच्या न्यायालयात जे लिहिले गेले तेच कागद तेथे वाचले जातात. पंचनाम्यात तारीख चुकली असेल, ओळखपरेड उशिरा झाली असेल, साक्षीदार उलटला असेल, तर ती उणीव मुंबईतला कितीही मोठा वकील भरून काढू शकत नाही. शिक्षेविरुद्धच्या अपिलात न्यायालय सारा पुरावा पुन्हा तपासते. निर्दोष सुटकेविरुद्धच्या अपिलात आरोपीचे पारडे अधिक जड असते. निर्दोषत्वाचे गृहीतक सुटकेने दुप्पट होते, असे २००७च्या चंद्रप्पा निकालात सांगितले आहे. आता नव्या न्यायसंहितेत कलम १०३(२) आले आहे. पाच वा अधिक जणांनी जात, समाज, भाषा, श्रद्धा अशा कारणाने केलेल्या झुंडहत्येला त्यात फाशी वा जन्मठेप आहे. परंतु १ जुलै २०२४पूर्वीच्या गुन्ह्यांना ते लागू होत नाही, कारण गुन्हा घडताना जो कायदा होता त्यानेच शिक्षा, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०चे वचन आहे.

येथे बसलेल्या तरुण कार्यकर्त्यांना दोन कामे सांगतो. कोणाच्या घरचा मुलगा अशा खटल्यात अडकला असेल आणि सत्र न्यायालयाने शिक्षा दिली असेल, तर उच्च न्यायालयात अपिलाची मुदत साठ दिवसांची आहे, फाशी असेल तर तीसच. निकालाची प्रत आरोपीला विनामूल्य मिळते, तुरुंगाच्या अधीक्षकामार्फतही अपील करता येते, आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लागता सरकारी खर्चाने वकील मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. जमीन गहाण टाकून दलालाच्या हाती पैसे देऊ नका. चिंतामण वनगांसारखा वकील या मातीतून उभा राहिला तो अशाच माणसांची कैफियत मांडण्यासाठी. दुसरे काम साक्षीदाराचे. खरे बोलायला जो तयार आहे त्याच्या घरी जा, त्याच्याबरोबर एस.टी.ने न्यायालयापर्यंत जा. महाराष्ट्रात साक्षीदार संरक्षणाचा स्वतंत्र कायदा २०१७चा आहे. त्याचा अर्ज त्याला भरून द्या.

आणि आपल्या साधूंचे काय? २००९च्या अखेरीपासून मृताच्या वारसालाही निर्दोष सुटकेविरुद्ध अपिलाचा स्वतंत्र हक्क आहे. २०१८मध्ये मल्लिकार्जुन कोडगली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी आधी परवानगीचीही गरज नाही असे ठरविले. प्रश्न एवढाच की संन्याशाचा वारस कोण? ज्याने दीक्षेच्या वेळी स्वतःचे पिंडदान केले त्याचे पूर्वाश्रमीचे नाते तुटलेले असते. याज्ञवल्क्य स्मृती आणि मिताक्षरा संन्याशाचा वारसा शिष्याकडे नेतात. कायद्यातील 'पीडित' या शब्दाची व्याख्या मात्र नुकसान सोसणारी व्यक्ती, पालक किंवा कायदेशीर वारस एवढेच म्हणते. २०२०मध्ये जुना आखाड्याचे साधू आणि मृतांचे आप्त सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा मागणी तपासाची होती. वारस कोण, याचा निवाडा तेव्हा करावा लागला नाही. अपिलाची वेळ आली तर तो प्रश्न समोर येऊ शकतो. आखाड्यातील दीक्षेची नोंद आणि पूर्वाश्रमीच्या नात्याचे कागद, दोन्ही एकत्र असतील तरच आपल्या वकिलाला उत्तर देता येईल, आणि निकालाची प्रत हाती आल्यावर त्यांची जुळवाजुळव सुरू केली तर फार उशीर झालेला असेल.